साहेबांच्या हातातला रिमोट

प्रोजेक्टर माझ्या गळ्यात पडला तो एका उलट्या चित्रामुळे. मी तेव्हा शहापूर तालुक्यात नोकरीला होतो आणि आम्हा शिक्षकांचं कसलंसं प्रशिक्षण चाललं होतं. पडद्यावर सगळं डोकं खाली पाय वर दिसायला लागलं. बाहेरून आलेले मार्गदर्शक आधी मान वाकडी करून बघत राहिले, मग त्यांनी लॅपटॉपच उलटा धरला. मला तो प्रकार बघवेना. मी मागच्या बाकावरून उठलो, रिमोट घेतला, मेन्यूत शिरून चित्र फिरवायचा पर्याय शोधला आणि चित्र सरळ केलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझं वाटोळं केलं.

तेव्हापासून मी प्रोजेक्टरवाले गुरुजी. प्रशिक्षण निवडणुकीचं असो नाहीतर पोषण आहाराचं, फोन मला येणार. गुरुजी, पडद्यावर नुसतं निळं दिसतंय, जरा येऊन जाता का? निळं दिसतंय म्हणजे सोर्स चुकलाय, रिमोटवर सोर्सचं बटण आहे ते दाबा, एवढंच असतं ते. चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं झालं तर कीस्टोनचं बटण. हे मी फोनवर इतक्यांदा सांगितलंय की झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. पण ऐकणारा शेवटी म्हणणार, नाही हो, तुम्हीच या, तुमच्या हाताला गुण आहे. हाताला गुण डॉक्टरच्या असतो. मी गणित शिकवणारा माणूस. तरी जायचो. इतकी वर्षं नोकरी केल्यावर नाही म्हणायची सवयच राहत नाही.

मग मुरबाड तालुक्यात बदली झाली, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. मला वाटलं, सुटलो. तिथं फोनला रेंज मिळवायची तर टेकाडावर चढावं लागतं, प्रोजेक्टर कुठला आलाय! घर शहापुरातच ठेवलं. बायकोची शिवणाची गिऱ्हाइकं तिथं, म्हातारी आई तिथं. रोज सकाळी मोटारसायकल काढायची, किन्हवलीवरून सरळगावला यायचं, तिथून आत वळायचं, आणि डांबर संपलं की गाडी झाडाखाली लावून पुढं चालायचं. पावसाळ्यात रेनकोटच्या आतला शर्टसुद्धा पिळून वाळत घालावा लागे. पन्नाशी उलटली होती, कंबर संध्याकाळी बोलायला लागायची. बायको म्हणायची, शेक घ्या आणि गप पडा.

शाळा मात्र माझी होती. कागदावर दोन शिक्षकांची, पण दुसरी जागा कित्येक वर्षं रिकामी, त्यामुळे पहिली ते चौथी सगळी एका खोलीत आणि माझ्या एकट्याच्या ताब्यात. पोरं म्हणाल तर एका ओसरीवर मावतील एवढीच. भात आणि नाचणी करणाऱ्या घरांतली, धीट, तोंडानं फटकळ. मी दमून आलो की मलाच विचारायची, गुरुजी, आज बसून शिकवता का? मी बसून शिकवायचो. त्या खोलीत मी सुखी होतो, हे सरळच सांगून टाकतो.

पण माझी कीर्ती माझ्याआधीच मुरबाडला पोचली होती. महिना झाला नसेल, तालुक्याच्या सभागृहात मला बोलावणं आलं, आणि मग येतच राहिलं. तिथं प्रोजेक्टर छताला टांगलेला आणि त्याचा रिमोट आमच्या साहेबांच्या, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, टेबलावर. त्याला दुसऱ्या कुणी हात लावू नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण लावत नाही कुणी. सभा सुरू झाली की साहेब रिमोट हातात घेतात आणि सभा संपेपर्यंत तो त्यांच्याच हातात राहतो, मग बोलणारा कुणीही असो.

त्या रिमोटवर पान पुढं-मागं करायची बटणं आहेत. पण ती चालायला प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक वेगळी वायर जोडावी लागते, आणि ती वायर मी यायच्या आधीच कुठंतरी गडप झाली होती. आता हे साहेबांना सांगणार कोण? म्हणून कार्यालयातल्या मंडळींनी तोडगा काढला, आणि तो तोडगा म्हणजे मी. मी लॅपटॉपपाशी बसायचं आणि साहेबांच्या अंगठ्यावर डोळा ठेवायचा. अंगठा हलला की इकडं मी बाणाचं बटण दाबायचं. पान सरकायचं, साहेब समाधानानं मान हलवायचे. सभागृहातल्या झाडून सगळ्यांना हे माहीत होतं, साहेब सोडून. एकदा त्यांनी नुसताच अंगठा खाजवला आणि पान पुढं गेलं. रिमोटकडे बघून ते म्हणाले, फार सेन्सिटिव्ह आहे हा. मी मान खाली घालून बसलो. हसण्याचंही त्राण नव्हतं.

फ्रीझच्या बटणाचा धंदा निराळा. ते दाबलं की पडद्यावर आहे ते चित्र तसंच थिजून राहतं, खाली लॅपटॉपवर काहीही करा. आमच्याकडे सभेला सुरुवात सत्कारानं होते. 'हार्दिक स्वागत' असं लिहिलेलं पान पडद्यावर थिजवून ठेवायचं, समोर शाल-श्रीफळ, गुलाबाची फुलं चालू द्यायची, आणि तेवढ्या वेळात कार्यालयातल्या बाबूनं माझ्या शेजारी बसून साहेबांच्या पानांवरचे चुकलेले आकडे नीट करायचे. काम उरलं असेल तर बाबू पुढं खूण करायचा आणि आणखी एका पाहुण्याचा सत्कार निघायचा. मी अशा सभांना ड्रायव्हरचासुद्धा सत्कार झालेला पाहिलाय.

आणि ब्लँकचं बटण. ते साहेबांना स्वतःला सापडलेलं होतं, त्यामुळे त्यांचं लाडकं. दाबलं की पडदा काळा होतो, लॅपटॉपवर मात्र सगळं चालूच राहतं. लोक कुजबुजायला लागले की साहेब पडदा काळा करत आणि म्हणत, आता इकडं बघा. सगळे बघत. त्यामुळे आमच्या सभागृहात पडदा काळा झाला की काही बिघडलंय असं कुणाच्या मनातही येत नसे. साहेबांनी केलंय, म्हणजे काहीतरी कारण असेल, असंच धरून चालायचं.

अशातच आमच्या शाळेचं नाव आलं. कमी पटाच्या शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या, असं ठरलं होतं. आमची वाडी ओहोळाच्या अलीकडे आणि मोठ्या गावातली शाळा पलीकडे. मे महिन्यात त्या ओहोळातून चप्पल हातात घेऊन गप्पा मारत जाता येतं. पाऊस लागला की मोठा माणूससुद्धा काठावर उभा राहून विचार करतो. पण नकाशावर दोन शाळांमधलं अंतर थोडं दिसत होतं, आणि नकाशात पाणी वाढत नाही. शाळेच्या समितीनं साहेबांसमोर येऊन बाजू मांडावी, फोटो आणावेत, असा निरोप आला.

आमच्या समितीची अध्यक्ष म्हणजे वाडीतलीच एक बाई. मी तिला ताई म्हणायचो. वय तिशीच्या आतबाहेर, नवऱ्याबरोबर शेती करायची आणि शेती नसेल तेव्हा मजुरीला जायची. तिची थोरली मुलगी माझ्याकडेच चौथी झाली आणि पाचवीला ओहोळापलीकडे गेली. शाळा उघडल्यावर थोडे दिवस गेली, मग पाण्यानं अडवली. पाणी उतरलं तोवर वर्ग पुढं निघून गेला होता, पोरीला लाज वाटायला लागली. ती घरी बसली ती बसलीच. आता ती भाकऱ्या करते आणि लाकडं आणते. धाकटी माझ्याकडे दुसरीत होती, पाढे म्हणताना डोळे मिटून डोलणारी. शाळा बंद झाली तर तिचं पुढं काय होणार, हे तिच्या आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निरोप वाचून दाखवला तेव्हा ती शाळेच्या पायरीवर बसली होती. कागद माझ्या हातातून घेऊन तिनं उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "गुरुजी, येक पोर मी घरात बसवली. दुसरी नाय बसवनार."

फोटो माझ्या मोबाइलवर होते, आदल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काढलेले. ते मी एकापाठोपाठ एक लावून दिले. आधी शाळा, मग पोरं, मग पायवाट, मग मे महिन्यातला ओहोळ आणि शेवटी तोच ओहोळ भर पावसातला. सभेत उभं राहून बोलायची ताईंची ही पहिलीच वेळ. वाडीतल्या जाणत्या माणसांनी तिला आधीच बजावून ठेवलं होतं की साहेबांकडे पाठ करायची नाही, मोठ्या माणसाला पाठ दाखवणं बरं नाही. पडदा तर साहेबांच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागं. ती म्हणाली, मग मला कळनार कसं कंचा फोटो लागलाय? मी म्हटलं, तुम्ही बघूच नका. फोटोंचा क्रम पाठ करा आणि बोलत जा, तुमच्या बोलण्याबरोबर फोटो आणायचं काम माझं. डोळे झाकून विश्वास ठेवा.

मग आठवडाभर शाळा सुटल्यावर तालीम. पोरं घरी जायची नाहीत, समोर बसून ऐकायची आणि मोठ्यांच्या चुका काढायला तर त्यांना भारीच आवडतं. पायवाट राहिली म्हणायची, आता ओहोळ म्हणायची. ताई पदर तोंडाला लावून हसायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शेवटी तिचं असं पाठ झालं की मी मुद्दाम फोटो मागं-पुढं केले तरी ती चुकेना.

सभेच्या दिवशी वाडीतल्या बाया कामाचा खाडा करून आल्या होत्या. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, ठेवणीतली लुगडी नेसून. एप्रिलचा उकाडा, पंखे फिरत होते पण वारा खाली पोचत नव्हता. सत्कार झाले. मी माझ्या जागी लॅपटॉपपाशी, डोळा साहेबांच्या अंगठ्यावर. एकेक शाळा येत होती, जात होती. आमच्या आधी नंबर लागलेल्या गावाचे मुख्याध्यापक उभे राहिले. त्यांच्या फोटोत ओढ्यावर बांधलेला एक नवाकोरा साकव होता, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लावलेला. साहेबांनी तो नीट बघितला आणि विचारलं की एवढा साकव आहे तर पोरांना पलीकडे जायला अडचण काय? मुख्याध्यापक कागद गोळा करून खाली बसले. ती शाळा तिथंच संपली. मी म्हटलं, आपल्याकडे साकव नाहीच, आपलं काम होईल.

ताईंचं नाव पुकारलं. ती पुढं गेली, साहेबांकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. मी शाळेचा फोटो लावला. आणि त्याच वेळी साहेबांचा फोन वाजला. वरून कुणाचा तरी असावा, कारण ते खुर्चीत सावरून बसले. फोन घ्यायला त्यांनी रिमोट उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, अंगठा कुठल्या तरी बटणावर पडला आणि पडदा काळा झाला. साहेबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खुर्ची बाजूच्या भिंतीकडे वळवली, फोनवर हात धरून हळू आवाजात बोलायला लागले आणि रिमोटच्या हातानं ताईंना खूण केली, चालू द्या.

ताईंनी सुरू केलं. मी बाण दाबला. लॅपटॉपवर पोरांचा फोटो आला, पडद्यावर काळं. मी वर बघितलं. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला हात पुरणार नाही, रिमोट साहेबांच्या मुठीत. माझ्या शेजारी विस्तार अधिकारी बसले होते. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, पडदा बंद पडलाय, साहेबांना सांगा. ते पडद्याकडे न बघताच म्हणाले, साहेबांनीच केलाय, बाई काय बोलते तिकडं लक्ष द्या असं असेल. मी म्हटलं, अहो, साहेबच लक्ष देत नाहीत. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

सभागृह भरलेलं होतं. केंद्रप्रमुख होते, मुख्याध्यापक होते, ग्रामसेवक होते. सगळ्यांना काळा पडदा दिसत होता. एकानंही तोंड उघडलं नाही. आमच्या बाया मागच्या रांगेत एकमेकींकडे बघत होत्या, पण त्यांना वाटलं असेल की इथली रीत अशीच असेल. आणि ताई बोलत होती. तालमीत कधी बोलली नव्हती इतकं चांगलं. हा बगा आमचा ओहोळ, मे महिन्यातला, म्हणाली. पोरं यात खेळतात. मग थांबली, जेवढं थांबायचं आम्ही ठरवलं होतं तेवढंच, आणि म्हणाली, आनि हा तोच ओहोळ, पावसातला. मी बाण दाबला. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काय होतं? काळ्या पडद्यावर मी तिचे फोटो एकेक करून लावत होतो आणि माझा जीव रडकुंडीला आला होता.

तिचं संपलं. तिनं हात जोडले. साहेबांनी फोन टेबलावर ठेवला, खुर्ची वळवली, चष्मा वर केला.

"फोटो बघितले मी," ते म्हणाले. "चांगले काढलेत. साकवही दिसला. एवढा चांगला साकव असताना पोरांना पलीकडे जायला काय अडचण आहे?"

साहेब खोटं बोलत नव्हते, हे मला आजही वाटतं. सकाळपासून त्या माणसानं इतक्या शाळा बघितल्या होत्या की आधीच्या गावाचा साकव त्यांच्या डोक्यात आमच्या ओहोळावर येऊन बसला. तेही दमलेले होते. पण बाबूनं लगेच मान खाली घालून लिहायला घेतलं.

ताईंचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, साकव नाय साहेब आमच्याकडं. साहेब म्हणाले, अहो, फोटोत आहे ना. मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा कसं खोडायचं? मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मीच भलता फोटो लावला. तिच्या पाठीमागं, तिनं डोळे झाकून विश्वास ठेवला असताना, मी कुठला तरी साकव दाखवून तिची शाळा घालवली. तशी सरळ माझ्याकडे बघत होती ती.

मला ते सोसलं नाही. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला एकदम फार थकल्यासारखं झालं, या सगळ्याचा, अंगठ्याचा, बाणाचा, तोंडावरच्या बोटांचा वीट आला. मी उठलो. विस्तार अधिकाऱ्यांनी माझा शर्ट धरला, तो सोडवून घेतला. साहेबांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, द्या इकडं साहेब. आणि त्यांनी द्यायची वाट न बघता रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला.

मी ब्लँकचं बटण दाबलं. पडदा उजळला आणि शेवटचा फोटो दिसला. भरलेला, गढूळ, दोन्ही काठ खाणारा ओहोळ, आणि त्यात छातीपर्यंत बुडालेला एक माणूस. त्याच्या खांद्यावर एक मुलगी, दप्तर डोक्यावर धरून बसलेली. तो माणूस ताईंचा नवरा आणि खांद्यावरची त्यांची थोरली, शाळेतल्या तिच्या शेवटच्या दिवसांतली. साकव कुठंही नव्हता.

ताईंनी साहेबांकडे पाठ केली आणि पडद्याकडे बघितलं. तो फोटो एवढा मोठा तिनं कधी बघितला नव्हता. बघतच उभी राहिली.

साहेबही बघत राहिले. मग म्हणाले, "हा फोटो आधी दाखवायचा ना गुरुजी."

"साहेब, पडदा बंद होता."

"कधीपासून?"

मी रिमोट त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी रिमोटकडे बघितलं, मग फोनकडे, मग सभागृहात बसलेल्या सगळ्यांकडे, आणि त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण माणूस बरा होता. त्यांनी ताईंना सगळं पुन्हा सांगायला लावलं, या खेपेला फोटोंसकट, आणि फोन पालथा घालून ठेवला. शेवटी बाबूला म्हणाले, खोडा ते. यांची शाळा राहू द्या.

बाहेर आल्यावर बायांनी मला घेरलं. ताई रडत होती, हसत होती, एका हातानं नाक पुसत होती. मुरबाडच्या स्टँडसमोर आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली आणि मला कुणी पैसे काढू दिले नाहीत. त्या दिवशी शहापूरला पोचेपर्यंत कंबर आहे की नाही याचीही मला आठवण झाली नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, साहेबांच्या हातातनं ओढलंत? मी म्हटलं, ओढलं. ती खूप वेळ हसली आणि मग काळजीत पडली.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरं आली, नवी दोघं पहिलीत बसली, एक रडून घरी पळालं आणि परत आणलं. आणि मग माझ्या नावाचा आदेश आला. माझं तांत्रिक ज्ञान लक्षात घेता मला पुढील आदेशापर्यंत तालुक्याला कामगिरीवर घेण्यात येत होतं. म्हणजे शाळा सोडून सभा, प्रशिक्षणं आणि तिथली यंत्रं बघायला.

मला वाटलं, सूड घेतला. संतापून साहेबांना भेटायला गेलो. भांडायची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, गुरुजी, त्या दिवशी एवढी माणसं बसली होती, एकानं मला सांगितलं नाही की पडदा काळा आहे. तुम्ही सांगितलंत. असा माणूस मला इथं जवळ हवा. तिकडं डोंगरात तुम्ही वाया जाताय, आणि तुमची कंबरही दुखते असं ऐकतो, रोजची ती चाल तरी वाचेल.

ते मनापासून बोलत होते. शिक्षा असती तर मी भांडलो असतो, वर अर्ज केला असता, संघटनेकडे गेलो असतो. उपकाराशी कसं भांडायचं ते मला येत नाही. मी एवढंच विचारलं, आणि शाळा? ते म्हणाले, शाळा चालूच राहणार, तुमच्या त्या ताईंना मी शब्द दिलाय. पलीकडच्या मोठ्या शाळेतले एक सर येतील आठवड्यातून दोन दिवस.

पलीकडच्या म्हणजे ओहोळाच्या पलीकडच्या. मी त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, हो, पाणी उतरलेलं असेल तेव्हा येतील.

आता मी सभागृहात असतो. रिमोट माझ्याकडे असतो, साहेबांनीच तसं सांगून टाकलंय. ती हरवलेली वायर मी नवी आणून जोडली, पानं आता खरोखरच रिमोटनं सरकतात. सावलीत बसायचं काम आहे, वेळेवर सुटतो. लोक म्हणतात, गुरुजी, नशीब काढलंत. मी हो म्हणतो. दुपारनंतर सभा नसेल तर हॉल रिकामा असतो, पंखा चालू असतो, आणि मला इतका कंटाळा येतो, इतकं उदास वाटतं की कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

श्रावणात एकदा ताई बाजाराला आली होती, तेव्हा मला भेटायला वर आली. ओली छत्री बाहेर ठेवून दारातच उभी राहिली. मी खुर्ची दिली तर बसली नाही, खाली जीपला माणसं भरत होती. मी विचारलं, सर येतात का? म्हणाली, पानी कमी आसलं तं येतात. यंदा पानी लय हाये. मी विचारलं, म्हणजे पोरं घरीच?

"घरी कशाला? शाळंत जातात रोज. कुलूप नाय लावत आमी."

"एकटी? करतात काय?"

"पाढे म्हनतात. आनि हजेरी घेतात. चवथीतली पोर उभी ऱ्हाऊन घेते. सगल्यांची नावं झाली का मंग 'गुरुजी' म्हनून हाक मारते. कोन हजर बोलत नाय, तवा तुमची गैरहजेरी मांडते."